टाचेकडची धार

माझ्या मामीच्या दुकानात चाकू घ्यायला गेलात तर आधी तुमची उलटतपासणी होते. काय कापणार? कोण कापणार? घरात डावखुरं कोणी आहे का? धुतल्यावर लगेच पुसता, की भांड्यांच्या ढिगात भिजत टाकता? या शेवटच्या प्रश्नाला माणसं हमखास खोटं बोलतात आणि मामीला ते हमखास कळतं. मग ती त्यांना न गंजणारा, साध्यातला साधा चाकू देते आणि त्यांची पाठ फिरली की म्हणते, "यांना चांगलं पातं देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. पुढे काचेचं कपाट, मधे काउंटर, मागे खिडकीशी धार लावायचा ओटा. ओट्यावर पसरट भांड्यात पाण्यात बुडवून ठेवलेले दगड, एक खरखरीत, एक मधला आणि एक साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. खिळ्याला चामड्याचा पट्टा, तेलाची बाटली, फडक्यांची चळत. चाक मात्र नाही. आमच्या रस्त्यावर चाकावर धार लावून देणारा एक माणूस फिरतो, त्याची नुसती आरोळी ऐकली तरी मामीच्या कपाळाला आठ्या पडतात. चाक पात्याला तापवतं आणि एकदा तापलेलं पातं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, असं तिचं मत आहे. तिच्या मतांवर चर्चा होत नाही.

तंबू पाठीवर टाकून रानावनात मुक्कामाला जाणारी मंडळी हे तिचं खास गिऱ्हाईक. त्यांच्यातला एखादा दंड फुगवून आला आणि कोपरापर्यंत लांब सुरा मागू लागला की ती चष्मा नाकावर आणून विचारते, "रानात कोणाशी लढाई आहे का रे? तळहाताएवढं पातं पुरे. मूठ ओल्या हातात घसरते का तेवढं बघ." घडीचा चाकू फळं आणि दोरी कापण्यापुरता ठीक, पण लाकूड फोडायचं तर पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत एकसंध गेलेलं हवं. "सांधा तिथे वांधा," हे तिचं ब्रीदवाक्य. चामड्याचं म्यान ओल धरतं, म्हणून घरी आल्यावर चाकू त्यातून काढायचा, पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि कोरड्या कापडात गुंडाळायचा. आणि धार गेली की लगेच लावायची. "धारेचा चाकू सांगितलेलं ऐकतो. हात कापतो तो बोथट, कारण त्याच्यावर जोर करावा लागतो." हे सगळं मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल, इतक्यांदा ऐकलं आहे.

मी तिची भाची. जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळा सुटली की घरी जायच्या आधी दुकानात टेकते. माझा स्वभाव जरा तिखट आहे, असं लोक म्हणतात. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ज्यांचा आहे त्यांच्याशी वाद घालायला मला आवडतं आणि त्यात मी सहसा जिंकते. तरीही पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. झालं तसं सांगते. पटलं तर घ्या.

दुकान मुळात मामाचं, म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या भावाचं. मामी लग्न होऊन आली तेव्हा तिला चाकूची मूठ कुठली आणि टोक कुठलं एवढंच ठाऊक होतं. मामाने तिला शिकवलं. ओट्याच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर बसायची आणि तासन् तास दगडावर पाती फिरत राहायची. एक नियम होता. समोरच्याचं पातं दगडावर असताना बोलायचं नाही, हात चुकतो. माझ्यासारख्या बडबड्या पोरीला ती शिक्षाच होती, पण त्या शांततेत बसायला मला आवडायचं हेही खरं.

मामाचं उजवं मनगट तरुणपणी सायकलवरून पडून मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं. थंडीत रात्रभर ठणकायचं. धार लावताना त्याचा हात टोकापासून मागे मागे यायचा आणि मुठीजवळ, म्हणजे पात्याच्या टाचेशी आला की मनगट पुढे वळायला नकार द्यायचं. मग कोपर उचललं जायचं आणि पातं केसभर वर. त्यामुळे मामाने लावलेल्या प्रत्येक चाकूची धार टाचेकडे किंचित जाड राहायची. गिऱ्हाइकाला जन्मात कळलं नसतं. मामी डोळे मिटून धारेवर आडवं नख फिरवायची आणि टाचेशी आली की हसायची. दुसरी खूण म्हणजे त्याचा शेवटचा हात. सगळं झाल्यावर तो पातं उलटं करून फक्त टोकाशी एकदा, अगदी हलकेच, दगडावरून ओढायचा. मूल शाळेत निघालं की त्याच्या पाठीवरून हात फिरवतो ना, तसं. त्याचा काही उपयोग नव्हता. उजेडात तिरपं धरलं तर तिथे एक बारीक चकाकती रेघ दिसायची.

विकायचं ते आधी आपण वापरायचं, हा मामाचा हट्ट. दर वर्षी हवा कोरडी झाली की तो नव्या चाकूंची जुडी घेऊन डोंगरातल्या तळ्यावर एकटाच मुक्कामाला जायचा. लाकडं फोडायचा, दोर कापायचा, पाती मुद्दाम दवात ठेवायचा आणि कुठला चाकू किती टिकतो ते बघून परत यायचा. एका वर्षी आला नाही.

शोधायला गेलेल्यांना तंबू सापडला, ताणून नीट बांधलेला. पेला धुऊन पालथा घातलेला. फडक्यावर चाकू ओळीने मांडलेले, टोकं सगळी तळ्याकडे. त्यातले निम्मे लगेच गंजणाऱ्या पोलादाचे होते आणि रोज रात्री तिथे दव पडत होतं, पण एकाही पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता. मामा नव्हता. त्याच्या खिशातला छोटा दगड नव्हता. पाणबुडे तळ्यात उतरले, कुत्री आणली, रान पिंजून काढलं. काही म्हणजे काही मिळालं नाही.

आई रडली, आजारी पडली, उठली आणि मग हळूहळू मामाबद्दल 'होता' असं बोलायला लागली. मामीसमोर मात्र तिची तशी छाती झाली नाही. एकदा आईने विषय काढला, "वहिनी, किती दिवस असं? काय ते एकदा मनाशी ठरव." मामी पातं पुसत होती. ती म्हणाली, "मी वाट बघतेय, की नुसती बसलेय, एवढं मला कळलं ना वन्सं, तरी पुरे. दोन्हींची माझी तयारी आहे. पण कुठलं ते कळल्याशिवाय कसं ठरवू?" मामी दुकान उघडत राहिली, समोरची रिकामी जागा रोज पुसत राहिली.

आणि मग एका संध्याकाळी शिट्टीवाला आला. हा शहरातल्या लोकांना डोंगरात फिरवून आणतो. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. माणूस बोलका, इतका की त्याच्याबरोबर रानात गेलेल्यांना पक्षी दिसत नसावेत. त्याने चाकूंचं गाठोडं काउंटरवर सोडलं. "काकू, यांना धार लावा. हा मात्र राहू द्या, हा झालाय."

मामीने तो 'झालेला' चाकू सवयीने उचलला, पुसायला. मी वह्या तपासत होते. फडक्याचा आवाज थांबला म्हणून मान वर केली. ती खिडकीशी जाऊन पातं तिरपं धरून उभी होती. मग तिने डोळे मिटले आणि नख फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा.

"हा कोणी लावला?"

"आमच्यातल्याच कोणीतरी," शिट्टीवाला म्हणाला. "गंमतच झाली. आदल्या संध्याकाळी टोमॅटो कापायला घेतला तर टोमॅटोचं पार भरीत. वैतागून तिथेच दगडावर टाकला. सकाळी बघतो तर अंगावरचे केस उतरवेल अशी धार! विचारलं तर कोणी कबूल होईना."

"मुक्काम कुठे होता?"

"तळ्यावर."

मामीने चाकू माझ्या हातात दिला. म्हणाली, "टाचेकडे बघ." मी बघितलं. मग तिच्यासारखं नख फिरवलं. तिथे होतं ते. गुळगुळीत रस्त्यावर एखादा अगदी बारीक उंचवटा लागावा, तसं.

माझ्या अंगावर काटा आला आणि मला त्याचा रागही आला. मी म्हटलं, मामानेच पूर्वी कधी तरी लावला असेल. शिट्टीवाला म्हणाला, "नाही हो ताई, याच वर्षी घेतलाय, काकूंनीच दिला." मामीला तो विकलेला आठवत होता. तिने त्याला तिच्या हाताने धार लावली होती, आणि तिचं मनगट धडधाकट आहे.

तिने किंकाळी फोडली नाही, चक्कर येऊन पडली नाही. तिने चहा टाकला. आम्हाला दिला आणि स्वतःचा घ्यायला विसरली. दुसऱ्या दिवशी आम्ही रानाच्या चौकीवर गेलो. तिथला पहारेकरी सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, चाकू चोरीला गेला असता तर गोष्ट वेगळी. चाकूला धार लागली ही तक्रार कशी घेऊ?" बिचाऱ्याचंही बरोबरच होतं. तरी त्याने माणसं पाठवली. तळ्याभोवती ना राख सापडली, ना पायवाट, ना कोणी राहत असल्याची खूण.

पण पुढच्या गटाच्या चाकूंचंही तेच झालं. आणि त्याच्या पुढच्याही.

तेव्हापासून मामी शिट्टीवाल्याबरोबर मुद्दाम चाकू पाठवायला लागली. पाठवण्याआधी त्याची धार ती स्वतः घालवायची, मागच्या पायरीच्या दगडावर घासून. ते करताना तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही. आयुष्यभर जे करू नका म्हणून लोकांना दटावलं, तेच ती करत होती. चाकूबरोबर लोकरीची टोपी, पाव, गुळगुळीत दगडाचा तुकडा, तेलाची कुपी. शिट्टीवाला ते सगळं संध्याकाळी पाण्याजवळच्या सपाट खडकावर ठेवायचा. सकाळी टोपी तशीच, दवाने ओली. पावाला मुंग्या. कुपीचं बूच उघडलेलंसुद्धा नसायचं. चाकू तेवढा धार लागलेला आणि कोरडा.

"खातपीत नाही, थंडी वाजत नाही, आणि धार लावतो," मी म्हटलं. "मामी, कसला माणूस आहे हा?"

"हट्टी," मामी म्हणाली.

तिला त्या पात्यांवरून सगळं वाचता यायचं, किंवा तिला तसं वाटायचं. या खेपेला घाई नव्हती. या खेपेला मन लागलेलं नाही, मधे कुठेतरी थांबलेत. दगड झिजलाय बहुतेक, नवा दिलाय तो वापरत का नाहीत कोण जाणे. दूरच्या माणसाची खुशाली कळावी तशी ती कळायची तिला, आणि त्या रात्री ती पोटभर जेवायची. मी वाद घालणं सोडून दिलं. जेवत होती ना, मग झालं.

आणि एके दिवशी ती माझी वाट बघत दुकानाच्या दारातच उभी होती. डोळे असे चमकत होते की मला वाटलं, मामा आत बसला आहे. "टाच बघ," ती म्हणाली. "कमी झालंय! मागच्या खेपेलाही मला वाटलं होतं, पण म्हटलं माझ्या मनाचे खेळ. अगं, मनगट वळायला लागलंय त्यांचं. आराम पडलाय हाताला."

मी तो चाकू शाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आधीचे सगळेही नेले, ओळीने तपासले. ती म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं. टाचेकडचा जाडपणा एका चाकूगणिक कमी कमी होत आला होता. शेवटची ती चकाकती रेघ मात्र सगळ्यांवर, तिथल्या तिथे. आता सांगायला लाज वाटत नाही, मीही सुतावरून स्वर्ग गाठला. मोकळी हवा, ओझी उचलणं नाही, विश्रांती. हाड नाही तरी भोवतालचे स्नायू सैल झाले असतील. मी मामीला हे सगळं शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं आणि ती लहान मुलीसारखी ऐकत राहिली. त्या आठवड्यात तिने समोरच्या बैठकीची गादी बदलली. काम करताना गुणगुणायला लागली. जगात धारवाल्यांखेरीज कोणी या गोष्टीने इतकं खूश झालं नसतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला हाडांचे एक डॉक्टर राहतात. माणूस चांगला, पण चाकू भिजत टाकणाऱ्यांपैकी. बायकोने हाकलल्यावर ते घरचे सगळे चाकू पिशवीत भरून आणतात. त्या दिवशी ते काउंटरला टेकून गप्पा मारत होते आणि मामीचं पातं दगडावर होतं, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. मी सहज विचारलं, "डॉक्टर, जुनं मनगट, वाकडं जुळलेलं. बऱ्याच वर्षांनी आपोआप सरळ वळायला लागतं का हो? आराम मिळाला तर?"

"छे," ते म्हणाले. "आराम दिला तर आणखी आखडतं. वय वाढलं की दुखणं वाढतंच. ते सरळ व्हायचं तर मोडून परत बसवावं लागेल. जिवंत हाड असं मागे जात नाही, बाई."

दगडावरचा आवाज थांबला नाही. मामीने ते पातं पूर्ण केलं, पुसलं, कागदाची एक पट्टी कापून बघितली. डॉक्टर गेले. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "शिट्टीवाल्याला सांगून ठेव. या खेपेला आपण दोघी येतोय." इतकंच. त्या दिवशी तिने गुणगुणणं बंद केलं.

तळं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चहूकडून डोंगर उतरत आलेले आणि मधे ते काळं, सपाट पाणी. वारा होता, झाडं हलत होती, पण पाण्यावर एक सुरकुती नव्हती. शिट्टीवाल्याने माणसं गोळा करायला शिट्टी फुंकली. असल्या जागी आवाज डोंगरावर आपटून परत यायला हवा, हे मी सातवीला शिकवते. आला नाही. शिट्टीवाला आमच्याकडे बघून ओशाळं हसला. "इथे असंच आहे," म्हणाला. आणि मग इतका बोलका माणूस तंबू उभा करेपर्यंत गप्प राहिला.

दिवस मावळता मावळता गटातल्या सगळ्यांनी आपापले चाकू आणून त्या खडकावर टाकले. काही हसत टाकत होते, पण टाकून झाल्यावर मागे न बघता लगबगीने परत येत होते. मामीने पिशवीतून तिचा घरचा चाकू काढला. दुकानातला नव्हे, तिच्या स्वयंपाकघरातला, एवढासा, पाव आणि बटाटे कापायचा. त्याला तिने किती तरी दिवसांत धार लावली नव्हती. तो तिने ढिगाच्या वर ठेवला, मूठ झाडांकडे करून. धारवाली माणसं दुसऱ्याला चाकू देताना नेहमी मूठ पुढे करतात.

मी डोळ्यात तेल घालून जागी राहणार होते. कोण येतं ते मला बघायचंच होतं. तसं स्वतःला बजावून बसले आणि ओंडक्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा तंबूच्या कापडावर नुकता करडा उजेड आला होता. आवाज येत होता. दगडावर पातं. लांब, संथ, एका लयीत, माझ्या लहानपणच्या सगळ्या संध्याकाळी भरून राहिलेला तो आवाज. मी ताडकन उठले आणि तंबूच्या दाराकडे झेपावले. तर मामी तिथेच बसलेली, शाल लपेटून. तिने माझा हात धरला.

"सोड," मी कुजबुजले. "बघू दे मला. दोन पावलांवर तर आहे."

"दगडावर पातं आहे," ती म्हणाली. "मधे बोलू नये. हात चुकतो."

तिची पकड इतकी घट्ट होती की माझ्या हातावर वळ उठले, ते मी घरी आल्यावरही बघितले. आम्ही ऐकत बसलो. माझे दात वाजत होते. थंडीने म्हणा हवं तर. शेवटी एक हात फिरला, हलका, अर्धाच. मग काही नाही.

तिने दार उघडलं. सगळीकडे दव पडलं होतं. गवत पांढरं, तंबू ओले, खडक काळा चमकत होता. ढीग करून टाकलेले चाकू आता ओळीने मांडलेले होते, टोकं तळ्याकडे, आणि प्रत्येक पातं कोरडं होतं. मी गवताकडे बघितलं. कुठेही पाऊल नव्हतं. आम्ही दोघी खडकापर्यंत चालत गेलो तेव्हा आमच्या मागे दवात दोन गडद वाटा उमटल्या. दुसरी एकही वाट नव्हती, खडकाकडे येणारी किंवा जाणारी. हे मी दोनदा तपासलं.

मामीने तिचा छोटा चाकू उचलला. डोळे मिटले. नख टोकापासून निघालं आणि टाचेपर्यंत गेलं, कुठेही न अडखळता. तिने पुन्हा फिरवलं. मग पातं उजेडाकडे तिरपं केलं. टोकाशी ती चकाकती रेघ होती.

"तेच आहेत," मामी म्हणाली.

मीही टाचेवर नख फिरवून बघितलं.

"तेच आहेत, आणि टाच सरळ आलीय. अगदी सरळ." तिचा आवाज शांत होता. "मनगट नाही दुखत आता त्यांचं. थंडीत किती ठणकायचं, तुला काय माहीत. रात्र रात्र मी शेकत बसायची. आता इतक्या थंडीत बसून एवढी पाती लावली, आणि काही नाही दुखलं." ती खडकावर बसली. मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने. तिला नाही. तिचा हात मात्र त्या चाकूच्या मुठीवरून फिरत राहिला, मागे पुढे, आणि तिला काय कळलं ते मला तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. ती आता वाट बघत नव्हती.

बऱ्याच वेळाने ती उठली. झाडांकडे तोंड केलं. आणि दुकानाच्या आतल्या दारातून ओट्याकडे हाक मारावी तशा रोजच्या, थोड्याशा वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "अहो, पुरे झालं आता. उठा. हात धुवा."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकतील तर शपथ. हा एक शेवटचा, हा एक शेवटचा, असं करत करत ताट निवायचं रोज."

त्याच वेळी तळ्याच्या काठाशी पाणी वाजलं. कोणी वाकून पाण्यात हात बुडवावेत, घासावेत आणि झटकावेत, तसं. त्या सपाट पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि पसरत पसरत आमच्या पायांपर्यंत आलं. मागून शिट्टीवाला म्हणाला, "मासा असेल." मी विज्ञान शिकवते. मासाच असेल.

आम्ही घरी आलो. मामीने आईला बोलावून घेतलं आणि दोघी दार लावून बराच वेळ आत बसल्या. बाहेर आल्यावर आईचे डोळे सुजलेले होते आणि मामी तिच्यासाठी चहा टाकत होती. दुकान दुसऱ्या दिवशी वेळेवर उघडलं. गिऱ्हाइकांची उलटतपासणी पूर्वीसारखीच चालू झाली. फक्त पूर्वी कोणी मामाबद्दल विचारलं तर ती 'बाहेरगावी आहेत' म्हणायची, ते आता म्हणेनाशी झाली.

हवा परत कोरडी झाली आणि शिट्टीवाला त्या मोसमातला पहिला गट तळ्यावर नेऊन आणून गाठोडं घेऊन आला. नेमकी मी होते. "काकू, खडकावर ठेवले होते सगळे, नेहमीसारखे," तो म्हणाला आणि शिट्टी चाचपू लागला. मामीने गाठ सोडली. एकेक चाकू उचलला, अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला. सगळे बोथट होते. पात्यांवर दव वाळल्याचे डाग होते, एकदोनांवर तर गंज चढायला लागला होता. शेवटचा चाकू तिने खाली ठेवला.

"ऐकलं गं यांनी," ती म्हणाली. मग तिने खरखरीत दगड पाण्यातून काढला, पहिलं पातं त्यावर टेकवलं आणि तेव्हा कुठे ती रडली. पातं दगडावर होतं, म्हणून मी बोलले नाही.